निरोप पोचवणारी माणसं

मूर स्ट्रीटला मी पहिल्यांदा गेले ते कढीपत्ता आणायला. डब्लिनला येऊन तीन आठवडे झाले होते, वरणाला काही केल्या घरची चव येत नव्हती, आणि कुणीतरी सांगितलं की ओ'कॉनेल स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत जा, तिथं आपलं सगळं मिळतं. आणि खरंच मिळालं. रस्त्यात फळांच्या-भाज्यांच्या गाड्या, त्यांच्यामागे जाड स्वेटर घालून उभ्या असलेल्या आज्या, खणखणीत आवाजात भाव सांगायची त्यांची ती पद्धत, बाजूला आशियाई किराणा दुकानं, सलूनं, मोबाईलची दुकानं, म्हणजे आमच्या सांगोल्याच्या आठवडी बाजाराला थंडीत नेऊन ठेवलं तर जसा दिसेल तसा तो रस्ता. मी कढीपत्ता घेतला, भेंडी घेतली, आणि समोरच्या जुन्या विटांच्या बंद घरांकडे बघितलंसुद्धा नाही. १४ ते १७ नंबरची ती घरं. त्यातल्या १५ नंबरच्या दारातून १९१६ साली एक बाई पांढरं निशाण हातात धरून एकटी बाहेर पडली होती, हे मला कळायला पुढे दीड वर्ष गेलं.

तिची गोष्ट कळली आणि त्यानंतर मी आयर्लंडचा इतिहास वाचायला लागले तो वेगळ्याच बाजूने. म्हणजे राजे, पुढारी, लढाया हे सगळं आहेच आणि त्यावर भरपूर लिहिलंय, पण मला मधली माणसं शोधायचा नाद लागला. निरोप पोचवणारी. कारण माझे वडील, अण्णा, तीसेक वर्षं पोस्टात तारा वाटायचे.

ज्यांनी तार कधी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. तारमास्तर आत बसायचे, समोर ते यंत्र, कट्ट कडकट्ट कट्ट, आणि ते ऐकत ऐकत ते अक्षरं उतरवून घ्यायचे. मग तो कागद अण्णांच्या हातात. अण्णा सायकलवर टांग टाकायचे आणि निघायचे, गावात असेल तर दहा मिनिटं, वाड्या-वस्तीवर असेल तर दहा मैलसुद्धा. खाकी शर्टातला माणूस सायकलवरून गल्लीत वळला की बायका आधी पदर तोंडाला लावायच्या, कारण तार म्हणजे कुणीतरी गेलं हेच समीकरण. दिवाळीच्या, लग्नाच्या शुभेच्छांच्या ताराही असायच्या, त्यांच्या ठरलेल्या वाक्यांना नंबर असायचे, पण अण्णा सांगतात की ते शुभेच्छा घेऊन गेले तरी पहिली दोन मिनिटं लोक रडायचेच. म्हणून त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. आनंदाची असेल तर ते लांबूनच घंटी वाजवत यायचे. वाईट असेल तर घंटी नाही, दारात आले की आधी म्हणायचे, बसा, पाणी प्या, मग सही घेतो. पिशवीत कायम एका फडक्यात बांधलेले शेंगदाणे आणि गूळ, कारण जेवायला घरी कधी पोचू याचा काही नेम नसायचा.

तर ती १५ नंबरची बाई. एलिझाबेथ ओ'फॅरल.

जन्म १८८३ चा, डब्लिनच्या गोदीकाठचा, सिटी की नावाचा धक्का आहे तिथला. वडील गोदी कामगार, ते लवकर गेले. शाळेपासूनची तिची एक मैत्रीण होती, ज्युलिया ग्रेनन, आणि दोघींनी जे केलं ते आयुष्यभर बरोबरच केलं, आयरिश भाषेसाठीची चळवळ, कामगार बायकांची युनियन, मग कुमन ना मान ही बायकांची स्वातंत्र्य संघटना. २४ एप्रिल १९१६, ईस्टरचा सोमवार. ब्रिटिश राज्याविरुद्ध उठलेल्या बंडवाल्यांनी डब्लिनचं मुख्य पोस्ट ऑफिस ताब्यात घेतलं आणि दारात उभं राहून त्यांचा पुढारी पॅट्रिक पिअर्स याने प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. (बंडाचं मुख्यालय पोस्टात, हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरळ होऊन बसले.) तो आठवडाभर एलिझाबेथ शहरभर निरोप घेऊन फिरत होती. एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर. रस्त्यावर गोळीबार चालू असताना पायी.

शुक्रवारपर्यंत पोस्ट ऑफिस पेटलं. आतली माणसं बाजूच्या दाराने बाहेर पडून मूर स्ट्रीटच्या घरांत शिरली, आणि घराघरांमधल्या भिंती फोडत, एका घरातून दुसऱ्यात असं करत पुढे सरकत राहिली. बंडाचा दुसरा पुढारी जेम्स कॉनोली, त्याच्या घोट्याचा चुरा झालेला, त्याला उचलून त्या भोकांमधून न्यावं लागलं. बाकीच्या बायकांना आधीच बाहेर पाठवलं होतं, शेवटी तिघीच उरल्या, एलिझाबेथ, ज्युलिया आणि कॉनोलीची सेक्रेटरी विनिफ्रेड कार्नी. रस्त्यावर सामान्य माणसं मरून पडत होती, जी फक्त जीव वाचवायला घराबाहेर पडली होती, आणि ते बघूनच पिअर्सने लढाई थांबवायचं ठरवलं. पण थांबवायचं म्हणजे कुणीतरी जाऊन सांगायला हवं. दोन्ही बाजूंच्या बंदुका रोखलेल्या त्या रस्त्यावरून.

शनिवार, २९ एप्रिल, दुपारी पाऊणच्या सुमारास ती दारातून बाहेर पडली. मी तो रस्ता कितीदा तरी चाललेय आता, वरच्या टोकाला पार्नेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ब्रिटिशांचा अडथळा होता, तिथपर्यंत दोन-तीन मिनिटं लागतात. नुकतीच गोळी खाऊन पडलेल्या माणसाची टोपी आणि रिव्हॉल्व्हर वाटेत एका गल्लीच्या तोंडाशी पडलेलं तिला दिसलं. तो माणूस म्हणजे त्यांचाच साथीदार, ओ'राहिली. ती चालत राहिली.

तिकडे पोचल्यावर तिने निरोप सांगितला, आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या कमांडंटना ब्रिटिश फौजेच्या कमांडंटशी बोलायचंय. अधिकारी म्हणाला, आयरिश रिपब्लिकन आर्मी? म्हणजे ते शिन फेनवाले? (शिन फेन हा आयरिश स्वातंत्र्यवाद्यांचा पक्ष.) ती म्हणाली, नाही, ते स्वतःला आयरिश रिपब्लिकन आर्मी म्हणवतात आणि मला वाटतं नाव चांगलं आहे. मला हे वाक्य फार आवडतं. निरोप्याने निरोपातला शब्द बदलू द्यायचा नसतो. तिथं उभं राहून, एकटीने, समोर बंदुका असताना तिने तो एक शब्द सोडला नाही. मग तिला हेर ठरवून तिच्या बाहीवरचा आणि एप्रनवरचा रेड क्रॉस कापून काढला, झडती घेतली. झडतीत काय निघालं? दोन कात्र्या, थोड्या गोळ्या (खायच्या), पाव आणि केक. पुढच्या वर्षी तिने स्वतः सगळी हकीकत लिहून छापली त्यात हा तपशील आहे, आणि त्यातली एक कात्री नंतर परत मिळाली हेही तिने नोंदवून ठेवलंय.

जनरल लो आला. बिनशर्त शरणागतीशिवाय काही नाही म्हणाला. ती परत त्याच रस्त्याने खाली गेली, उत्तर घेऊन पुन्हा वर आली, पुन्हा खाली. शेवटी पिअर्स तिच्याबरोबर आला आणि त्याने तलवार दिली. त्या क्षणाचा एक फोटो आहे. डावीकडे जनरल, समोर लांब कोटातला पिअर्स. एलिझाबेथ पिअर्सच्या पलीकडे उभी होती. फोटोत तिचे फक्त बूट आणि स्कर्टची कड दिसते, पिअर्सच्या कोटाखालून. पुढे जिथं जिथं हा फोटो छापला गेला त्यातल्या काही ठिकाणी तर ते बूटही गायब झाले, पिअर्स एकटाच उभा. पुढे म्हातारपणी ती म्हणाली होती की फोटो काढतायत हे दिसल्यावर आपणच मागे सरकलो, शत्रूच्या पेपरात फोटो यायला नको म्हणून, आणि नंतर त्याचं वाईट वाटलं.

पण फोटोच्या पुढची गोष्ट मला जास्त मोठी वाटते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. शरणागती लिहिली गेली, टाईप झाली, खाली पिअर्सची सही, तारीख आणि वेळ ३.४५. ठीक. पण शहरभर बंडवाल्यांची ठाणी होती आणि तिथं कुणालाच हे माहीत नव्हतं. फोन नाही, काही नाही. तर तो कागद पोचवायचं काम पुन्हा तिच्याकडेच. शनिवारी फोर कोर्ट्स, आणि रविवारी सेंट स्टीफन्स ग्रीनजवळचं कॉलेज ऑफ सर्जन्स, बोलंड्सची बेकरी, जेकब्सचा बिस्किट कारखाना. बोलंड्सच्या बाजूला चालू गोळीबारात तिच्या अगदी पुढे अर्ध्या वारावर चालणारा एक माणूस गोळी लागून पडला. हा तिचा स्वतःचाच भाग, लहानपणी खेळली ते धक्के जवळच. तिथला बंडवाल्यांचा कमांडंट डी व्हॅलेरा होता, त्याने सांगितलं की माझ्या वरिष्ठाचा, मॅकडोनाचा हुकूम असल्याशिवाय मी मानणार नाही. जेकब्सला मॅकडोना म्हणाला, मी आधी जनरल लोला भेटतो. म्हणजे ज्यांच्यासाठी ती जीव धोक्यात घालून चालत होती त्यांनाही आधी तिच्यावर विश्वास ठेवता येईना, कारण निरोप असा होता की तो खरा असावा असं कुणालाच वाटत नव्हतं. अण्णा म्हणतात ही वेळ प्रत्येक तारवाल्यावर येते. लोक कागद हातात घेतात आणि विचारतात, नक्की आमचीच आहे का, पत्ता परत बघा ना.

हे सगळं झाल्यावर तिला कैद करणार नाही असा जनरलने शब्द दिला होता, तरी तिला कोठडीत टाकलं, कपडे उतरवून झडती घेतली. लोला कळल्यावर त्याने सोडवलं आणि माफी मागितली. पंधरा जणांना पुढच्या दोन आठवड्यांत गोळ्या घातल्या गेल्या, पिअर्स, कॉनोली, मॅकडोना. त्यांच्या नावाची आज स्टेशनं आहेत, रस्ते आहेत. ती नंतर सुईण झाली, हॉलिस स्ट्रीटच्या मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये शिकली, डब्लिनमधली किती बाळं तिच्या हातावर आली असतील. १९५७ साली गेली. ग्लासनेव्हिनच्या स्मशानभूमीत तिच्या शेजारी ज्युलिया आहे, ती १९७२ ला गेली. मी तिथं गेले होते, फुलं नेली होती, आणि खूप वेळ नुसती उभी राहिले. मला तिच्याशी मराठीतच बोलावंसं वाटलं.

एलिझाबेथनंतर मी असल्या माणसांच्या मागेच लागले म्हणा ना. आणि एक दिवस अचानक अण्णांच्या खात्याचा मूळपुरुषच सापडला, लिमरिकचा.

विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी. जन्म १८०८. भारतात तार आणली ती याने. आणि मी तारवाल्याची मुलगी असून हे नाव मी चाळिशीपर्यंत ऐकलेलं नव्हतं, अण्णांनी नव्हतं ऐकलं, त्यांच्या तारमास्तरांनीही नसावं. पण याची गोष्ट तारेच्याही आधी सुरू होते. १८३१ च्या शेवटी इंग्लंडात संडरलंडला कॉलरा आला तेव्हा हा तेवीस वर्षांचा नुकता डॉक्टर झालेला पोरगा तिथं जाऊन रोग्यांचं रक्त तपासत बसला आणि त्याने दाखवून दिलं की रक्तातलं पाणी आणि क्षार कमी झालेत, ते परत भरायला हवेत, शिरेतून द्यावेत. त्यावरूनच पुढच्या वर्षी थॉमस लाटा नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने रोग्यांना मिठाचं पाणी शिरेतून दिलं. म्हणजे आपल्याकडे गावोगावी जे म्हणतात ना, डॉक्टर, अशक्तपणा फार आलाय, एक सलाईन लावा, त्या सलाईनच्या मुळाशी हा माणूस आहे. लंडनला प्रॅक्टिसचा परवाना मिळेना म्हणून ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरून १८३३ ला कलकत्त्याला आला. तिथं वैद्यांकडून, लोकांकडून गांजाचे औषधी उपयोग समजून घेतले, त्यावर प्रयोग केले, पेपर लिहिला, आणि गांजा पाश्चात्त्य औषधांत गेला तो त्याच्यामुळे. हे मी पटकन सांगून टाकतेय, पण यातलं एकेक काम एकेका माणसाच्या आयुष्याला पुरलं असतं.

आणि १८३९ साली त्याने कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बांबूंवर मैलोन्‌मैल तार ताणून विजेचे संदेश पाठवून दाखवले. संदेश वाचायचे कसे? तर बोटांनी. तारेतून आलेल्या हलक्या झटक्यांवरून. हे वाचल्यावर मी स्वतःची बोटं बघत बसले होते, खरंच सांगते. हुगळी नदीच्या तळातूनही त्याने तार नेली, वर वेताचं आणि डांबराचं आवरण करून. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. बारा वर्षं थांबला. मग डलहौसीला तार हवी झाली, १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर लाईन सुरू झाली, आणि तिथून पुढे तो सुटलाच. इंग्लंडसारखी बारीक तार इथं चालणार नाही हे त्याला कळलं होतं, इथं तारेवर माकडं लोंबकळतात, पक्ष्यांचे थवे बसतात, म्हणून त्याने जाड लोखंडी सळई वापरली. १८५४ च्या मार्चमध्ये आग्र्याहून कलकत्त्याला ८०० मैलांवर तार गेली, त्याच वर्षी मुंबई जोडली गेली, आणि १८५५ पासून तार सगळ्यांसाठी खुली झाली.

या सगळ्यात त्याच्याबरोबर एक बंगाली माणूस होता, शिबचंद्र नंदी. डायमंड हार्बरहून पहिला चाचणी संदेश पाठवणारा तोच. पद्मा नदीत केबल टाकायला स्टीमर मिळेना तर त्याने मासेमारीच्या होड्या घेऊन ती टाकली. ओ'शॉनेसीला निदान 'सर' तरी मिळालं. शिबचंद्राचं नाव आपल्याकडे कुठल्या शाळेच्या पुस्तकात मी तरी वाचलेलं नाही, आणि मला याचा खरंच राग येतो.

आता इथं मला एका गोष्टीपाशी थांबावं लागतं, कारण ती टाळून पुढे गेले तर ते खोटं होईल. ही तार कुणासाठी होती? ११ मे १८५७ ला मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले तेव्हा दिल्लीच्या तार ऑफिसातल्या दोन तरुण सिग्नलरांनी अंबाल्याला खबर दिली, ती पंजाबात पोचली आणि तिथल्या देशी पलटणींची हत्यारं वेळेत काढून घेतली गेली. ज्या तारेवर पुढे आमचं घर चाललं, तीच. लिमरिकच्या माणसाचं स्वतःचं गाव इंग्रजांच्या राज्यात, आणि तो आपल्या देशावर राज्य करायला इंग्रजांना सगळ्यात मोठं हत्यार देतोय. मी त्याच्याकडे नुसत्या कौतुकाने बघू शकत नाही आणि नुसत्या रागानेही नाही. आयर्लंडमध्ये राहून हे फार जाणवतं, की यांच्यातले कितीतरी लोक आपल्याकडे साहेब होऊन आले, कारण घरी भाकरी नव्हती.

आणि मग उलटही घडलं. १९२० च्या जूनमध्ये जालंधरच्या छावणीत कॉनॉट रेंजर्स नावाची आयरिश पलटण होती. घरून पत्रं येत होती, आपल्या गावात इंग्रजांचे सैनिक घरं जाळतायत, लोकांना मारतायत. ती पत्रं वाचून काही शिपायांनी २८ जूनला सांगितलं, आम्ही आता या राजासाठी बंदूक धरणार नाही. तिथून दोन जण हा निरोप घेऊन सिमल्याच्या वाटेवर सोलनला गेले, जिथं पलटणीची दुसरी तुकडी होती, आणि तिथं जेम्स डॅली या वीस वर्षांच्या पोराने पुढाकार घेतला. दारूगोळ्याच्या कोठारावर चालून जाताना दोघे मेले. २ नोव्हेंबर १९२० ला दगशाईच्या तुरुंगात डॅलीला गोळ्या घातल्या. पन्नास वर्षांनी, १९७० मध्ये, त्याचे अवशेष त्याच्या गावी, टिरेल्सपासला नेले. पंजाबात, अमृतसरपासून दोन तासांवर, जालियनवाला बागेनंतर जेमतेम सव्वा वर्षाने ही पोरं इंग्रजांना नाही म्हणाली, आणि आपल्याकडे कुणाला त्यांची नावं माहीत नाहीत. कारण काय, तर गावाकडून आलेलं पत्र.

मुंबईचं एक राहिलं. १८७० च्या फेब्रुवारीत मुंबईहून ग्रेट ईस्टर्न निघालं. ते त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं जहाज, जवळपास सातशे फूट लांब, उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून पांढरं रंगवलेलं, आणि पोटात एडनपर्यंत पुरेल एवढी समुद्री केबल. कप्तान रॉबर्ट हॅल्पिन, विकलो गावातल्या एका खानावळवाल्याचा तेरावा मुलगा, दहा-अकरा वर्षांचा असताना समुद्रावर गेलेला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई आणि लंडन एकमेकांशी समुद्राखालून बोलायला लागले. पूर्वी बोटीने पत्र जायला महिना लागायचा. विकलो इथून ट्रेनने तासाभरावर आहे, समुद्राच्या कडेकडेने जाणारी फार सुंदर लाईन, आणि गावात चौकात हॅल्पिनचा उंच दगडी स्तंभ आहे. मी तिथं गेले तेव्हा दोन शाळकरी पोरं त्याच्या पायरीवर बसून चिप्स खात होती. सगळ्या जगाचे समुद्र ज्याने पार केले तो शेवटी १८९४ मध्ये पायाचं नख कापताना झालेल्या जखमेने, गँगरीन होऊन गेला.

आणि मोरीन. मोरीनबद्दल लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

मेयो परगण्याच्या अगदी टोकाला, अटलांटिकच्या तोंडावर ब्लॅकसॉड नावाचं ठिकाण आहे. तिथल्या पोस्टात मदतनीस हवी अशी जाहिरात बघून केरीची मोरीन फ्लॅव्हिन ही मुलगी नोकरीला आली. आल्यावर कळलं की या पोस्टात हवामानाच्या नोंदीही घ्यायच्या असतात, तापमान, वारा, वायुभारमापक, दर तासाला, रात्रीसुद्धा. आयर्लंड दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होता, पण या नोंदी गुपचूप ब्रिटनला जात होत्या, आणि हे मोरीनला माहीत नव्हतं. ३ जून १९४४, तिचा एकविसावा वाढदिवस. रात्री एकची नोंद. वायुभार झपाट्याने खाली येत होता. तिने आकडा पाठवला. नंतर फोन आला, एका इंग्लिश बाईचा आवाज, कृपया तपासा, कृपया पुन्हा सांगा. तिने दीपगृहाच्या टेड स्वीनीला बोलावलं, त्याने तपासलं, आकडा बरोबर होता. पुन्हा तोच फोन. पुन्हा तोच आकडा.

तिकडे इंग्लंडात हजारो जहाजं आणि दीड लाख सैनिक फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायला ५ जूनसाठी तयार होते. पश्चिमेकडून येणारं वादळ सगळ्यात आधी ब्लॅकसॉडला कळायचं. तिच्या आकड्यामुळे ५ तारीख रद्द झाली, मग ४ तारखेला दुपारी ब्लॅकसॉडहून आकाश निवळतंय अशी नोंद गेली आणि ६ जून ठरली. वादळात ते उतरले असते तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. मोरीनला हे कळलं १९५६ मध्ये. बारा वर्षं तिला पत्ताच नव्हता. तोवर तिचं टेडशी लग्न झालं होतं, मुलंबाळं झाली होती, पोस्ट ती चालवतच होती. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ती शंभर वर्षांची होऊन गेली. ती बातमी मी लुआसमध्ये, इथल्या ट्राममध्ये, उभ्याने वाचली आणि माझा स्टॉप गेला.

मला मोरीनमधलं काय लागतं सांगू? तिने दुसऱ्यांदा तपासलं. पहाटे, थंडीत, कुणासाठी तपासतोय हे माहीत नसताना. अण्णा तार घेऊन निघायच्या आधी पत्ता दोनदा वाचायचे, आमच्याकडे एका आडनावाची तीस घरं, चुकून दुसऱ्याच्या दारात मरणाची बातमी गेली तर काय, या भीतीने. एकदाच चुकलं होतं असं म्हणतात, आणि कुणाच्या घरी ते अजूनही सांगत नाहीत, त्या घरावरून अजूनही सायकल हातात धरून चालत जातात.

१४ जुलै २०१३ ला आपल्याकडची तारसेवा बंद झाली. पुण्या-मुंबईत लोकांनी आठवण म्हणून रांगा लावून शेवटच्या तारा केल्या. अण्णा तोवर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातून जुनी पिशवी काढली, झटकली, आणि परत ठेवली, एवढंच, आई सांगत होती.

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर त्यांना एलिझाबेथची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, सावकाश, सगळ्या ठाण्यांची नावं घेऊन. फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ नेला आणि ते बूट बघितले. किती चालली म्हणालीस? मी म्हटलं, आठवडाभर, आणि शेवटचे दोन दिवस तर सकाळपासून रात्रीपर्यंत. सही मिळाली का तिला? मी म्हटलं, पिअर्सची होती ना कागदावर, ३.४५ वाजता. हं, म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग म्हणाले, "झडतीत पाव निघाला म्हणालीस ना तिच्याकडे?"

"हो. पाव, केक, गोळ्या. आणि दोन कात्र्या. एक कात्री परत दिली त्यांनी तिला, तिने लिहून ठेवलंय."

"कात्रीचं कळलं," अण्णा म्हणाले. "पाव दिला का परत?"